भरलेले खण

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसास गावे भेटतात ती पाहुण्यास भेटावीत तशी. तीन वर्षे, फार तर पाच. मग पुन्हा सामान बांधणे, मुलांचे दाखले, नव्या घराचे भाडे. या मुदतीत एखाद्या गावाविषयी जे प्रेम त्याच्या मनात उत्पन्न होते ते खोटे असते असे नाही. परंतु त्या प्रेमाची परीक्षा होण्याचा प्रसंग बहुधा येत नाही. गावावर कठीण वेळ येते तेव्हा आपण दुसऱ्याच गावच्या सौंदर्याची वर्णने फोनवरून नातेवाइकांस ऐकवीत असतो. आमच्यावर असा प्रसंग तंजावरास आला, आणि तोही एका लहानशा दुकानाच्या निमित्ताने. त्यात आम्ही कितपत उतरलो याविषयी आमच्या चौघांतच एकवाक्यता नाही. या अंकाचे बहुतेक वाचक आमच्यासारखेच परमुलखात नेमणुकीवर असणारे. तेव्हा घरचा वाद घरात मांडावा तसा तो येथे मांडीत आहो.

आम्ही चौघे म्हणजे एक बँकेतले, एक रेल्वेतले, एक विम्यातले, आणि चौथा हा लेखक, ज्याच्या खात्याचे नाव सांगून कोणाचेच हित व्हायचे नाही. तंजावरात अय्यन्-कडै वीथी नावाचा रस्ता आहे. 'कडै' म्हणजे दुकान. रस्त्याच्या नावातच दुकान असावे असे हे जुने पेठेचे गाव. आमचे दुकान त्या रस्त्यावर नव्हे. ते नेमके कोठे आहे हे आम्ही सांगणार नाही. न सांगण्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

दुकान काष्ठौषधींचे. तमिळ मुलखात अशा दुकानास 'नाट्टु मरुंदु कडै', म्हणजे देशी औषधांचे दुकान म्हणतात. समोर लाकडी फळी, तिच्यावर पितळी तागडी, आणि मागच्या भिंतीला जमिनीपासून आढ्यापर्यंत लहान लहान खण. प्रत्येक खणावर तमिळ अक्षरांत नाव: सुक्कु म्हणजे सुंठ, तिप्पिली म्हणजे पिंपळी, कडुक्काय म्हणजे हिरडा, वसंबु म्हणजे वेखंड. आजीच्या बटव्यातील सारी मंडळी येथे वेगळ्या नावांनी नांदताना पाहून परक्या गावी शाळासोबती भेटल्याचा आनंद होतो. परंतु आम्हांस त्या दुकानाकडे ओढून नेले ते हिरड्या-बेहड्याने नव्हे, दुकानदाराच्या बोलीने. गिऱ्हाइके त्यांना 'रायर' म्हणत. तंजावरच्या मराठी घराण्यांतील माणसांस तेथे असेच संबोधितात. आम्ही त्यांना रायरमामा म्हणू लागलो. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले तेव्हापासून त्या मुलखात रुजलेल्या कुटुंबांपैकी त्यांचे एक. त्यांची मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी घरून निघालेली आणि वाटेत तमिळशी सोयरीक केलेली. आम्हांस ती एका कानाने समजे व दुसऱ्याने निसटे. घरात आजही डांगर पचडी होते, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. मराठी माणसाच्या कानावर दूरदेशी मराठी पडली की त्याची विवेकबुद्धी काही काळ किरकोळ रजेवर जाते, असा आमचा अनुभव आहे.

दुकानाची जागा भाड्याची. मूळ मालक वारल्यावर वारसांनी तेथे मजले चढविण्याचे ठरविले, आणि पुढल्या वर्षाअखेर जागा मोकळी करण्याविषयी रायरमामांस कळविले. त्यांनी अन्याय केला असे म्हणवत नाही. आपापल्या गावी आपण तरी जुन्या भाडेकरूंविषयी काय बोलतो हे प्रत्येकाने आठवून पाहावे. रायरमामांचा मुलगा कोइमतुरास नोकरीला. तो दुकान पुढे चालविणार नव्हता. थोडक्यात, दुकान जाणार हे ठरले होते. आणि ते ठरले हे कळताच आमच्या बँकेतल्या स्नेह्यांच्या मनात त्याच्यावर चित्रपट काढण्याची कल्पना आली. दुकान सुखाने चालू होते त्या दोन वर्षांत ती का आली नाही, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कोणीच विचारला नाही.

चित्रपट म्हणजे काय, तर एक चांगला मोबाइल फोन, भाड्याने आणलेला ध्वनिग्राहक, दिव्यांच्या ऐवजी सकाळचे ऊन आणि रविवारची सुटी. चौघांनी दहा-दहा हजार घातले. त्यातले बरेचसे प्रवासात, खाण्यात व संकलनासाठी विकत घेतलेल्या साधनात गेले. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून विलायतेची वाट धरली, आणि परत आल्यावर भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून पहिला छोटा प्रयोग तयार केला, ही हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्या काळी चित्र काढू इच्छिणाऱ्याला आधी स्वतःचे काहीतरी गहाण टाकावे लागे. त्यामुळे आपण हे का करीत आहो, हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नसे. आता तो प्रश्न पडायच्या आत चित्रण संपलेले असते. स्वस्ताईने कलेचे दार सर्वांस उघडले हे खरेच, आणि ते उघडले याचा आम्हांस आनंद आहे. पण गहाण टाकण्याची बाब तिने रद्द केली असे मात्र नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढते. या चित्रपटासाठी काय गहाण पडले हे आम्हांस फार उशिरा कळले.

चित्रणास आरंभ केला तो आडी महिन्यात, आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास. त्या दिवसांत दुकानात माल थोडा. रायरमामा खण उघडून दाखवीत. एकात मूठभर अडुळसा, दुसऱ्यात तळाशी चिकटलेली धूळ, तिसरा रिकामाच. आमचे स्नेही हरखून गेले. रिकाम्या खणावर पडलेली उन्हाची तिरीप त्यांनी दहा वेळा टिपली. रायरमामा काही वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "हे नको. दीपावळीला या. तेव्हा खण भरतात." स्नेह्यांनी समजावून सांगितले की आम्हांस जे आहे तेच दाखवायचे आहे. त्यावर ते म्हणाले, "तेही आहेच की. दीपावळीचे दुकान काय माझे नव्हे?"

येथे थोडे थांबून सांगावयास हवे की तमिळ घरांत दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर सुंठ, पिंपळी, मिरी, ओवा इत्यादी कुटून गूळ, तूप, मध घालून केलेले लेहियम चाखतात. पुढे खाल्ल्या जाणाऱ्या फराळाचा तो आगाऊ बंदोबस्त. त्याच्या तयार पुड्या हे अशा दुकानांचे वर्षाचे मोठे उत्पन्न. त्या पंधरवड्यासाठी रायरमामा घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलीत आणि दिवाळीनंतर चुकता करीत. भरलेले खण होते ते असे, उधारीने भरलेले. आमच्या स्नेह्यांचा मुद्दा हाच होता, की जी समृद्धी पंधरा दिवसांची व परक्याच्या पैशाची, ती दाखविणे म्हणजे खोटे दाखविणे.

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. आम्हां सरकारी नोकरांस तर तो विशेषच पटावा. साहेब दौऱ्यावर यायचे म्हणून आदल्या रात्री भरलेली कोठारे, रंगविलेल्या कुंड्या व इस्पितळात एका रात्रीत प्रकटलेल्या चादरी आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. एखाददुसऱ्या वेळी तो बंदोबस्त आम्हीच केला आहे, हेही कबूल करून टाकावे. तेथे रिकामा खण दाखविणे हेच सत्य व तेच कर्तव्य. मग रायरमामांचा हट्ट वेगळा कसा? आम्हांस वाटते, तो वेगळा अशासाठी की सरकारी कोठारावर दहा जणांचा हक्क असतो; त्याचे रिकामेपण झाकणारा मनुष्य दुसऱ्याचे काहीतरी लपवीत असतो. रायरमामांच्या खणांवर आमचा काय हक्क होता? त्यांनी आम्हांस जाब द्यावा असे कोणते नाते होते? ते कोणाची फसवणूक करीत नव्हते. आपण कोणत्या दिवशीच्या कपड्यांत दिसावे, एवढेच ते सांगत होते. घरी छायाचित्रकार आला असता आपली आई लुगडे बदलून येते तेव्हा आपण तिला असत्याचा दोष देत नाही.

हा विचार मनात घोळत असता आम्ही बृहदीश्वराच्या देवळात गेलो होतो. तेथे प्राकाराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा जो विस्तीर्ण मराठी शिलालेख कोरला आहे तो बहुतेक प्रवासी पाहतात व थोडेच वाचतात. सरफोजीराजांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणिसांनी तो रचला. कोरला गेला तो १८०३ साली. सालाकडे लक्ष द्यावे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेलेला होता. राजाकडे उरला होता किल्ला, तनखा आणि मान. म्हणजे दुकानाची जागा सुटल्यावर चार वर्षांनी मालकाने भिंतीवर दुकानाचा इतिहास लिहविला, आणि त्यात खण भरलेलेच दाखविले! कर्ते पुरुष, पराक्रम, दाने, वंश, सारे आले. त्यामुळे राज्य वाचले काय? पुढे बावन्न वर्षांनी, १८५५ साली, सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्रसंतानावाचून वारले आणि उरलेसुरलेही खालसा झाले. लेखाने काही वाचले नाही. इतिहाससंशोधकास त्यातील विधाने पारखून घ्यावी लागतात हे वेगळे. तथापि त्या भिंतीसमोर उभे राहिले असता, हे आत्मस्तुतीपर आहे म्हणून हसू येत नाही. जाणाऱ्याने आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगितली, याचे एक वजन जाणवते. राजाची गोष्ट व दुकानदाराची गोष्ट एक नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. राजाचे खण रयतेच्या सारावर भरलेले असतात आणि त्याला कोणीतरी जाब विचारलाच पाहिजे. येथे आमची उपमा लंगडते. तिला तशीच लंगडू देतो.

त्याच तंजावरात त्याच सुमारास दुसरीही एक चित्रे निघत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील चित्रकार कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी जातीजातींच्या व धंद्याधंद्यांच्या स्त्रीपुरुषांची जोडचित्रे काढून देत. कोष्टी व त्याची बायको, कुंभार व त्याची बायको, वाणी व त्याची बायको. हातात ज्याचे त्याचे हत्यार. असे संच आज लंडनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. कौशल्य उत्तम, रंग मोहक, पागोट्याची घडी न् घडी जागच्या जागी. पण चित्रांतील माणूस कोण, हे सहसा कळत नाही. खाली असते ते जातीचे वा धंद्याचे नाव. घेणाऱ्या साहेबाला तो मनुष्य नको होता. आपण कोठे राहून आलो याची खूण हवी होती. मुदत संपली की तो पेटी भरून मायदेशी जाई आणि दिवाणखान्यात ती चित्रे पाहुण्यांस दाखवी.

हे वाचून वाचकांस अस्वस्थ वाटले असेल तर आम्हांसही वाटले. तोही परमुलखात नेमलेला अधिकारी, आम्हीही. त्याचीही मुदत ठरलेली, आमचीही. त्याच्याजवळ पैसा अधिक होता व चित्रकार पदरी होता. आमच्याजवळ फोन होता. आम्ही मराठी आहो आणि रायरमामाही मराठी, हा फरक आम्ही पुढे करू लागलो तेव्हा रेल्वेतल्या स्नेह्यांनी शांतपणे विचारले, "आपल्यापैकी त्यांच्याकडून सुंठ कोण घेतो?" उत्तर असे निघाले की या लेखकाच्या घरी काढ्याचे सामान तेथून येई, बाकी तिघांकडे ज्येष्ठमध सुद्धा फोनवर बोट ठेवून मागविलेले आणि बंद डबीतून आलेले होते. जे दुकान जाते म्हणून आम्ही हळहळत होतो ते जाण्यास आमच्या परीने आम्ही हातभार लावीतच होतो.

तरी काम चालू राहिले. अशी कामे आपल्याच वेगाने चालतात. ऐप्पसी महिना लागला, खण भरले. रायरमामांनी कोरे उपरणे घेतले आणि आम्हांस बोलावणे धाडले. त्या दिवशीचे चित्रण आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पुडी बांधण्याची त्यांची पद्धत, तागडीचा काटा थांबेपर्यंत न बोलण्याची सवय, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला दोन दाणे पिंपळी वर देणे. सारे आले. त्यांनी आम्हांस कधी तंजावरी मराठीत, कधी तमिळीत प्रत्येक खणाची हकीकत सांगितली. आम्हांस वाटले, झाले.

पण तोवर दुसरी गोष्ट घडून गेली होती. आमच्या बँकेतल्या स्नेह्यांनी, मनात काही वाईट नसता, दोन मिनिटांची एक झलक तयार करून व्हॉट्सअॅपवर आप्तमित्रांस पाठविली. तीत आडी महिन्यातले रिकामे खण होते, उन्हाची तिरीप होती, आणि वर अक्षरे होती की हे दुकान आता थोड्याच दिवसांचे सोबती आहे. तंजावर लहान गाव. झलक चार दिवसांत फिरून फिरून घाऊक व्यापाऱ्याकडे पोहोचली. जागा सोडावी लागणार हे त्याच्या कानावर पूर्वीच असावे. परंतु कानावर असणे वेगळे आणि रिकामे खण डोळ्यांनी पाहणे वेगळे. त्याने दिवाळीनंतरची वाट न पाहता पैसे मागितले, आणि पुढला माल रोखीने देईन म्हणून कळविले. उलट ज्यांच्याकडे रायरमामांची येणी होती त्यांच्यापैकी काहींनी, दुकान बंदच होणार तर घाई कसली, असा पवित्रा घेतला. व्यापाऱ्याची पत ही अशी वस्तू आहे की तिच्याविषयी लोक काय समजतात यावरच ती टिकते. खण भरलेले दिसले पाहिजेत, हा रायरमामांचा हट्ट आम्ही म्हातारपणाचा समजत होतो. तो पन्नास वर्षांच्या धंद्याचा होता.

मुलाने कोइमतुराहून पैसे पाठविले. दिवाळी कशीबशी निभावली. आम्ही झलक मागे घेतली. मागे घेणे म्हणजे काय हे हल्लीच्या दिवसांत सर्वांस ठाऊक आहे. क्षमा मागावयास गेलो तेव्हा रायरमामा रागावले नाहीत. त्यांच्या सुनेने मात्र, कॉफीचे पेले समोर ठेवताना, तमिळीत एवढेच विचारले की तुमच्या सिनेमात आमचे नाव येणार आहे की नाही. हा प्रश्न तक्रारीचा होता की अपेक्षेचा, ते आम्हांस अद्याप उलगडलेले नाही.

आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या मुंबईच्या झोपड्यांवरील अनुबोधपटात असा एक प्रसंग आहे की घर उठविले गेलेली एक बाई चित्रण करणाऱ्यांवरच उलटते आणि गरिबांची चित्रे काढून तुम्ही काय मिळविता, असा त्यांस जाब विचारते. दिग्दर्शकाने तो भाग काढून टाकला नाही. यात प्रामाणिकपणा आहे, आणि चित्रपट त्याने बळकट झाला हेही खरे. पण मनात एक कुरकुर उरते: त्या बाईचा राग सुद्धा चित्रपटाच्या कामी आला! आरशात स्वतःचे तोंड दाखविल्याने कर्ज फिटत नाही. दुसरीकडे, पटवर्धनांचा उद्देश त्या लोकांच्या बाजूने लढण्याचा होता, आणि ते पुढेही लढत राहिले. आमच्या चित्रपटाला कोणती बाजू होती? जागेच्या मालकाशी आम्ही भांडणार नव्हतो. दुकान वाचविणे आमच्या हातचे नव्हते, आणि खरे बोलायचे तर आम्हांस ते दुकान जाताना अधिक सुंदर दिसत होते. आमच्या मते दोषाचे मूळ येथे आहे. जे टिकणार आहे त्याकडे आपण पाहत नाही. जे जाणार आहे असे कळते त्यावर एकाएकी माया दाटून येते, आणि मग त्याने आता ठरल्याप्रमाणे जावे अशी एक चोरटी अपेक्षाही तयार होते. समजा, वारसांनी मन बदलले असते आणि दुकान आणखी वीस वर्षे राहिले असते, तर आमच्या चित्रपटाचा शेवट बिघडला असता. त्या बिघाडाने आम्हांस आनंद झाला असता काय? होय असे आम्ही चौघेही लगेच म्हणालो. आणि लगेच म्हणालो हेच आम्हांस आवडले नाही.

याचा अर्थ जाणाऱ्याची नोंद करूच नये असा कोणी घेईल तर तो आम्हांस मान्य नाही. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमांवर कित्येक वर्षे खपून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा चित्रपट केला. २०१६ साली तो कान येथे दाखविला गेला व नावाजला गेला. त्याने तंबू पुन्हा भरले नाहीत, हे उघड आहे. परंतु यंत्राच्या तेलाने माखलेल्या त्या माणसांना आपले काम कोणीतरी काम म्हणून पाहिले एवढे मिळाले असेल तर ते थोडे म्हणता येत नाही. येथे वेळाचा हिशेबही धरला पाहिजे. वर्षानुवर्षे एखाद्याच्या मागे हिंडणारा मनुष्य नुसता पाहुणा राहू शकत नाही. आम्ही मोजून अकरा रविवार दिले होते.

तंजावरलाच बदलून आलेल्या आणखी एका अधिकाऱ्याची आठवण येथे होते. आर्थर बर्नेल हा मद्रास इलाख्यातील सनदी नोकर, तेथे जिल्हा न्यायाधीश होता. राजवाड्यातील सरस्वती महालात संस्कृत हस्तलिखितांचा जो अफाट संग्रह होता त्याची विषयवार सूची त्याने केली. ती १८८० साली प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी, ऐन बेचाळिशीत, तो वारला. सूची हा नीरस प्रकार आहे. दिवाणखान्यात पाहुण्यांस दाखविण्याजोगे तिच्यात काही नसते. पण ज्याची ती सूची त्याच्या उपयोगी पडणारी ती वस्तू आहे. ग्रंथ जागच्या जागी राहिले, ते शोधण्याची वाट तयार झाली. १९१८ पासून ते ग्रंथालय सर्वांस खुले आहे. साहेबी राज्याचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच उद्देश नाही. याच सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढून त्याशेजारी उपचार लिहून ठेवीत. ती पाने आजही आहेत. तेही चित्रच, आणि तेही आजारी वस्तूचे. पण काढणाऱ्याचा हात रोग्याच्या कामात गुंतलेला होता. जोडचित्रे, नेत्ररोग्यांची पाने व बर्नेलची सूची यांस एकाच तराजूत घालता येणार नाही असे वाटले, आणि त्यातूनच आम्हांस एक गोष्ट सुचली. उशिराच सुचली.

रायरमामांस आम्ही विचारले की खणांची यादी करू या काय: तमिळ नाव, मराठी नाव, माल कोठून येतो, चांगला-वाईट कसा ओळखायचा. त्यांस ही कल्पना चित्रपटाहून पुष्कळच अधिक पसंत पडली. वेखंड मोडून पाहावा कसा, हिरड्याला कीड लागली हे वरून कसे कळते, अमुक मुळी ओली असता घेऊ नये. अशा गोष्टी ते सांगत आणि आम्ही लिहून घेत असू. सून मध्येच येऊन त्यांची चूक काढी. तिला व्यापार त्यांच्या समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक येत होता, हेही तेव्हाच दिसले. एकशे बत्तीस खणांपैकी एक्क्याण्णव झाले. लेहियमच्या पुडीचे प्रमाण मात्र त्यांनी सांगितले नाही. "ते राहू द्या," म्हणाले. आम्ही पुन्हा विचारले नाही. ती वही आता सुनेकडे आहे. घराच्या ओसरीवर लहानसे दुकान मांडण्याचे तिच्या मनात आहे असे ऐकतो. होईल न होईल.

चित्रपट तयार आहे, सव्वीस मिनिटांचा. त्याच्या दोन प्रती आहेत, कारण आमचे एकमत नाही. बँकेतल्या स्नेह्यांच्या प्रतीत रिकामे व भरलेले दोन्ही खण आहेत. सत्य हे दोन्ही मिळून होते आणि रायरमामांच्या इच्छेला मान देताना प्रेक्षकाशी खोटे वागण्याचा आम्हांस अधिकार नाही, असे त्यांचे म्हणणे. ते हलके नाही. दुसऱ्या प्रतीत आडी महिना नाही. प्रत्येक माणसाला नावानिशी ओळख आहे, सुनेलाही. आमचा कौल दुसऱ्या प्रतीला आहे; परंतु ती पाहताना मध्येच कोठेतरी चित्र सपाट वाटते हे आम्ही नाकारीत नाही. तोटा सोसूनही ती पत्करावी असे आम्हांस वाटते, कारण आजवर या प्रकरणात जो काही तोटा झाला तो आमच्यापैकी कोणाला झालेला नाही. रायरमामांस दोन्ही प्रती दाखविल्या. ते पहिली पाहताना बोलले नाहीत, दुसरी पाहताना पुष्कळ बोलले. त्यातले निम्मे गिऱ्हाइकांविषयी होते. दुकान जागेवर असेतो कोणतीच प्रत बाहेर दाखवायची नाही, एवढ्यावर मात्र चौघेही राजी झालो.

या लेखकाच्या बदलीचा हुकूम गेल्या महिन्यात आला. निरोप घ्यावयास गेलो तेव्हा रायरमामांनी आधी बसविले, गेल्या वेळच्या खोकल्याची चौकशी केली, सुंठ-ज्येष्ठमधाची एक पुडी बांधून प्रवासासाठी हातात ठेवली. मग फळीखालून लाल कापडी बांधणीची वही काढून, चष्मा पुसून, पाने उलटू लागले. आमच्या नावावर तीनशे चाळीस रुपये निघत होते. आम्ही पाचशेची नोट पुढे केली. त्यांनी हिशेब करून एकशे साठ रुपये परत दिले, पुडीचे पैसे धरले नाहीत, आणि आमच्या नावावर आडवी रेघ ओढली.